पाण्याला नाही म्हणायचं नाही

एकवीस किलोमीटर धावून आलेल्या माणसाचं वजन वाढतं, हे रमा सबनीसला त्या रविवारी सकाळी पहिल्यांदा कळलं.

बाथरूमच्या दाराशी ठेवलेल्या डिजिटल काट्यावर प्रभाकर बूट काढून उभा होता. धावायला जाताना एकदा आणि आल्यावर एकदा काट्यावर उभं राहायचं, हा त्याचा दोन वर्षांचा नेम. आल्यावर काटा किलो-दीड किलो खाली असायचा आणि प्रभाकर तो आकडा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असा जाहीर करायचा, जणू बोनस लागला. आज काटा खाली गेला नव्हता. पहाटेपेक्षा दोन किलोंनी वर गेला होता.

"काटा बिघडला," प्रभाकर म्हणाला.

रमाने त्याला बाजूला केलं आणि स्वतः उभी राहिली. काट्याने तिचं नेहमीचं, कशानेही न हलणारं वजन दाखवलं. काटा ठणठणीत होता.

"गव्हाणपर्यंत जाऊन यायचं आणि जाड होऊन यायचं! अहो, त्यापेक्षा घरी झोपला असतात तर आहे तेवढे तरी राहिला असतात."

ती मनापासून हसली. प्रभाकरही हसायला गेला, पण मध्येच थांबून त्याने भिंतीला हात लावला. त्या हाताची बोटं भेंडीसारखी असायची ती केळ्यांसारखी झाली होती. अंगठी मांसात रुतली होती आणि मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा खोल वळ उठला होता.

"मळमळतंय," तो म्हणाला. "डोकं पण दुखतंय."

"ऊन लागलं. बसा. सरबत करते."

प्रभाकर बसला आणि रमाने मोठा पेला भरून लिंबूसरबत आणलं. त्याने त्याला नाही म्हटलं नाही. पाण्याला तो कधीच नाही म्हणत नसे. तो विमा एजंट होता.

ह्या धंद्यात शिरला तेव्हा त्याच्या साहेबाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती: पार्टीच्या घरी चहाला नाही म्हण, जेवणाला नाही म्हण, पण पाण्याला नाही म्हणायचं नाही. समोर आलेला पेला पूर्ण रिकामा करायचा, ओठ पुसायचे आणि मग बॅग उघडायची. ज्याने आपल्या घरचं पाणी पिणारा माणूस पाहिला, तो त्याला उंबऱ्यावरून परत पाठवत नाही. प्रभाकरच्या वडिलांची गोष्ट वेगळी. ते पनवेलातली ठरावीक घरं सोडून कुठेही पाणी पीत नसत, आणि कुठली घरं ते सगळ्या आळीला पाठ होतं. प्रभाकर बेलपाड्यापासून चिरनेरपर्यंत सगळ्यांकडे प्यायला. कोळ्यांकडे, आगऱ्यांकडे, वाडीवर, मोहल्ल्यात. रमजानच्या दिवसांत हार्डवेअरवाल्या शकीलकडे गेला तर रोजा शकीलचा असायचा आणि पाणी ह्याला. हे त्याने समाजसुधारणा म्हणून केलं नाही, धंदा म्हणून केलं. पण तीसेक वर्षांत परिणाम मात्र तोच झाला: पनवेल तालुक्यात प्रभाकर सबनीसला परका मानणारं घर उरलं नाही.

धावणं नंतर आलं. रक्तात साखर काठावर आली, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, आणि प्रभाकर चालता चालता धावायला लागला. साखर उतरली. पोट आत गेलं. घोरणं थांबलं, त्यामुळे शांततेने दचकून रमालाच जाग येऊ लागली. नाडी इतकी संथ झाली की डॉक्टरांनी दोनदा मोजली. मग म्हणाले, हृदयाचा स्नायू तगडा झाला की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो, त्याला घाई करावी लागत नाही. हे वाक्य प्रभाकरने पाठ केलं आणि त्याच्यावर दोन पॉलिसी विकल्या.

तर असं हे तगडं हृदय आज पनवेल ते गव्हाण आणि परत अशी शर्यत धावून आलं होतं. शेवटून कितवं, ते विचारू नये. पदक सगळ्यांनाच होतं. धावण्याच्या ग्रुपवर सत्यजीत नावाचा एक तरुण कोच रोज सकाळी उपदेश टाकायचा. आदल्या दिवशीचा उपदेश होता: "तहान लागायची वाट बघू नका. तहान लागली म्हणजे उशीर झाला." रमाने तो फ्रिजवर चिकटवण्याइतका मनावर घेतला होता. सोसायटीच्या बायकांनी परतीच्या वाटेवर पाण्याचं टेबल लावलं, त्याची कल्पनाही तिचीच. ह्या सोसायटीत टँकर आला की लोक बादल्या घेऊन भांडतात. त्याच लोकांनी त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून अनोळखी माणसांना धरून धरून पाणी पाजलं. प्रभाकर आला तेव्हा रमाने त्याला स्वतःच्या हाताने दोन ग्लास दिले. तिसरा समोरच्या फ्लॅटमधल्या कादंबरीने दिला, कारण नाहीतर तिचा मान राहून गेला असता.

सरबताचा पेला रिकामा करून प्रभाकरने ओठ पुसले. रमा पेला ठेवून परत आली तर तो सोफ्यावर अगदी कडेला, पाठ ताठ करून, गुडघे जुळवून बसला होता. स्वतःच्या घरी असं कुणी बसत नाही.

"वहिनी," तो तिला म्हणाला, "मिस्टर घरी नाहीत का?"

रमा हसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला विनोद सुचला तर हसून घ्यावं, परत कधी सुचेल सांगता येत नाही.

"नाहीत. धावायला गेलेत," ती म्हणाली.

"अरे वा. मग मी थांबतो. त्यांची सही लागेल." त्याने भिंतीवर पाहिलं. तिथे दोघांचा महाबळेश्वरचा फोटो होता. "हे का मिस्टर? तब्येत चांगली दिसते. रिस्क नाही काही. नॉमिनी म्हणून तुमचंच नाव टाकू ना?"

"पुरे हं आता."

"नाव काय म्हणालात आपलं?"

रमाचं हसू तोंडावरच राहिलं, ते उतरवायचं तिला सुचेना. प्रभाकर तिच्याकडे बघत होता. अतिशय आदराने बघत होता. दोन वर्षांत ती ह्या माणसाच्या घामाला, मोज्यांना, केळी खाण्याला सरावली होती. पण त्याने तिच्याकडे असं नवीन पार्टीकडे बघावं तसं बघणं, हे तिच्या संसारात कधी घडलं नव्हतं.

तिने दार उघडून कादंबरीला हाक मारली. कादंबरी आली आणि बघताक्षणी म्हणाली, "ऊन बाधलंय. डिहायड्रेशन. आमच्या भावाला असंच झालेलं. पाणी पाजा, भरपूर पाजा!"

ती जग भरून कसली तरी नारिंगी पावडर घोळवून घेऊन आली. दोघींनी मिळून पाजलं. प्रभाकर प्रत्येक पेला तळापर्यंत प्यायला आणि प्रत्येक वेळी म्हणाला, "पाणी छान आहे तुमच्याकडचं." ते टँकरचं होतं. पितोय म्हणजे शुद्धीवर आहे, असं रमाने स्वतःला समजावलं. मग तो उठला, बॅग शोधू लागला, आणि शोधता शोधता गालिच्यावर ओकला. नुसतं पाणी. नारिंगी.

त्याच वेळी शकील आला. तो स्कूटरवरून प्रभाकरच्या मागेमागे सगळा रस्ता फिरला होता आणि आता त्याने सांभाळायला दिलेली बॅग परत द्यायला आला होता. खाली गाडीत त्याची बायको हाजरा बसलेली होती, दोघं पुढे बाजारात निघाले होते.

"काय मियाँ, पदक बघायला आलो," म्हणत तो आत शिरला, आणि प्रभाकरने त्याच्याकडे वळून हात जोडले.

"नमस्कार. आपण मिस्टर का?"

शकीलने रमाकडे पाहिलं. रमाने मान हलवली. नाही, ही थट्टा नाही.

"या अल्ला," शकील म्हणाला. "उचला. भाभी, तिकडून धरा."

हायवेजवळच्या हॉस्पिटलपर्यंत हाजराने मागच्या सीटवर प्रभाकरचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि रमाने बाटली. दर सिग्नलला ती बाटली त्याच्या ओठांना लावत होती. तो पीत होता. "शाबास," हाजरा म्हणत होती, "पियो भाईजान, पियो."

हॉस्पिटलच्या अपघात विभागात शकीलची मुलगी सायमा डॉक्टर होती. लहानपणी रमाच्या हातचे मोदक खाल्लेली ही पोरगी, पण आता तिने काकू-बिकू काही न म्हणता आधी प्रभाकरच्या डोळ्यांत बॅटरी मारली. मग त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"कधीपासून असं बोलतायत?"

"आल्यापासून. ऊन लागलंय गं. सलाइन लाव पटकन. दोन बाटल्या लाव."

"हो, दोन लाव," शकील म्हणाला. "पैशाचं बघू नको."

"अब्बा, तुम्ही जरा गप्प. काकू, लघवी केली का काकांनी?"

रमाने आठवून पाहिलं. "नाही."

"गोळी-बिळी काही घेतली?"

"गुडघा दुखतो म्हणून सकाळी एक पेनकिलर. रोजचीच."

"पाणी किती प्यायले?"

ह्या प्रश्नाची रमा वाटच बघत होती. आयुष्यात काही परीक्षांचा अभ्यास अगदी पक्का झालेला असतो. "त्याची तू काळजीच करू नको," ती म्हणाली. "भरपूर दिलंय. घरी सरबत, तो नारिंगी जग, येताना ही सगळी बाटली. रस्त्यात तर मोजदादच नाही. आता वजनसुद्धा..."

ती थांबली. बोलता बोलता तिचं तिलाच ते वाक्य विचित्र वाटलं.

"वजनाचं काय?"

"वाढलं. दोन किलो. काटा बिघडला असेल."

सायमाने हातातली बॅटरी खिशात ठेवली. तिचा चेहरा शकीलने फक्त एकदा असा पाहिला होता, मेडिकलचा निकाल उघडताना. "वाढलं?" ती म्हणाली. "धावून आल्यावर वाढलं?"

आणि मग एकदम सगळं झालं. प्रभाकरची मान एका बाजूला ओढली गेली. दात घट्ट मिटले. एकवीस किलोमीटर धावलेले पाय खाटेवरच धावायला लागले. रमाला कुणीतरी मागे ओढलं. ती हाजरा होती. "ती बाटली बाहेर न्या!" सायमा ओरडली, आणि रमाला कळेना की ही कुठली बाटली म्हणते. तिच्या हातातली. नवऱ्याच्या औषधाची म्हणून ती अजून छातीशी धरून उभी होती.

पडद्याच्या आतून सायमाचा आवाज येत होता. साधी बाटली नको, जास्त मिठाची आणा. तीन टक्क्यांची. लहान. आत्ता.

मीठ. रमाला नीट ऐकू आलं होतं. रक्तदाबामुळे घरात तिने ज्या माणसाची भाजी अळणी केली होती, त्याला आत शिरेतून मीठ देत होते.

बऱ्याच वेळाने सायमा बाहेर आली आणि बाकड्यावर रमाच्या शेजारी बसली. आता ती पुन्हा मोदक खाणारी सायमा होती.

"फीट थांबलीय. अजून धोका टळला म्हणत नाही मी. काकू, काकांना ऊन लागलेलं नाही. त्यांना पाणी लागलंय."

"म्हणजे?"

"जास्त पाणी. रक्तातलं मीठ पार पातळ झालंय."

रमाला हे पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. पाण्याने माणूस मरतो तो विहिरीत, खाडीत. डांबरी रस्त्यावर, पनवेलसारख्या टँकरच्या गावात, पदक गळ्यात घालून कोण बुडतं?

"पण धावताना घाम येतो ना गं? ते पाणी जातंच की."

"घाम येतो. पण इतका वेळ धावलं की शरीर घाबरतं. त्याला वाटतं, आता पाणी मिळणार नाही, आहे ते धरून ठेवा. मग किडनीला हुकूम सुटतो की दरवाजे बंद. धरणाचे करतात तसे. त्यात ती पेनकिलर किडनीला आणखी सुस्त करते. आता दरवाजे बंद आणि वरून धो धो पाणी येतंय. कुठे जाणार? अंगात मुरतं. हात सुजले, पाय सुजले, तिथवर ठीक, कातडी ताणते. पण मेंदूपण सुजतो. आणि कवटी ताणत नाही."

रमाने स्वतःच्या डोक्याला हात लावून पाहिलं. खरंच, कुठूनच ताणणारं नव्हतं.

"जे पहिले येतात ना, त्यांना हे होत नाही," सायमा म्हणाली. "त्यांना प्यायला वेळच नसतो. हळू धावणाऱ्यांना होतं. प्रत्येक टेबलावर थांबून पिणाऱ्यांना."

शकील समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. तो एकदम बोलायला लागला, कुणाकडे न बघता. "मी बघत होतो ना. मागेच होतो स्कूटरवर. सगळा रस्ता त्याच्या पार्ट्या. एकजण म्हणाला, सबनीससाहेब, आमच्याकडचं नाही घेतलं? थांबला, प्यायला. पुढे एक म्हातारी कळशी घेऊन उभी. प्यायला. उलव्याच्या फाट्यावर तर मीच..." त्याने तोंडावर हात ठेवला. "मीच रूहअफजा दिला. म्हणाला, शकील, पोटात जागा नाही रे. मी म्हटलं, माझ्या हातचं नाही घेणार का? मी म्हटलं असं. मस्करीत."

"प्यायले?" रमाने विचारलं.

"उभ्या उभ्या. ओठ पुसले."

रमा मनात आपले पेले आठवू लागली आणि थोड्याच वेळात तिने ते सोडून दिलं. दोन रस्त्यावर दिले तेव्हा तो बोलत होता, हसत होता, तिला रमा म्हणत होता. बाकीचे तिने त्याला घरी आणून पाजले.

"आता ऐका," सायमा म्हणाली. "मी सांगेपर्यंत तोंडाने एक थेंब नाही. त्यांना तहान लागेल, ते मागतील. नाही म्हणायचं. नर्सचं लक्ष असेल, पण तुम्हीच जवळ असणार. जमेल ना?"

"न जमायला काय झालं," रमा म्हणाली. ते किती कठीण आहे, हे तिला दुपारी कळलं.

कारण दुपारपर्यंत बातमी पनवेल तालुक्यात पसरली होती आणि तीस वर्षांच्या पार्ट्या हॉस्पिटलच्या जिन्याने वर येत होत्या. धावताना ऊन लागलं एवढंच त्यांना कळलेलं. रिकाम्या हाताने कोण येणार? कुणी कोकम आणलं, कुणी ताक, कुणी थर्मासमध्ये कसला काढा. रमा दारात उभी राहून सगळ्यांना नाही म्हणत होती. लोक तिच्याकडे असं बघत होते की नॉमिनी तीच असल्याची त्यांना अचानक आठवण झाली असावी.

शेवटी गव्हाणहून बुधाजी आला. खांद्यावर शहाळ्यांचा घड, कमरेला कोयता. वॉचमनने कोयता खाली ठेवून घेतला होता म्हणून तो आधीच चिडलेला. प्रभाकरने त्याची, त्याच्या भावांची आणि नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीच्या भरपाईतून घेतलेल्या दोन डंपरांची, सगळ्यांची पॉलिसी काढली होती.

"वयनी, सरा जरा. ताजं हाय, आत्ता झाडावरनं काढलंय."

"नको, बुधाजीभाऊ. पाणी द्यायचं नाही त्यांना."

"मी पानी कुटं आनलंय? शहालं हाय."

"तेही नाही."

बुधाजीने घड खाली ठेवला. "आमच्या दारात त्ये सकाली आलं, मी सोता हंडा घेऊन हुबा व्हतो. दोन तांबे घेतलं. कंदी नाय म्हनालं नाय आमाला. आन तुमी आमाला नाय म्हनता? अवो, मरनाऱ्याच्या तोंडात पन पानी घालतात!"

"म्हणूनच नाही घालायचं," रमा म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "कळलं? म्हणूनच."

बुधाजी घडाशेजारीच, जिन्याच्या पायरीवर बसला.

आतून नर्सने हाक मारली. प्रभाकरने डोळे उघडले होते. खाटेच्या कडेला लटकवलेली लघवीची पिशवी तुडुंब भरली होती आणि सायमा तिच्याकडे लोक नव्या गाडीकडे बघतात तशी बघत होती. "दरवाजे उघडले, काकू," ती हळूच म्हणाली. "आता शुद्ध कितपत येते ते बघायचं. बोला तुम्ही."

रमा जवळ गेली. माझं नाव काय, असं विचारायचा धीर होत नव्हता, उत्तर आलं नाही तर? प्रभाकरचे ओठ कोरडे पडले होते. त्याने जीभ फिरवली, तिच्याकडे पाहिलं आणि बारीक आवाजात, फार अदबीने म्हणाला,

"पाणी मिळेल का थोडं?"

तीच अदब. सोफ्याच्या कडेवरची. रमाने सायमाकडे पाहिलं. सायमाने मान हलवली. शेजारच्या टेबलावर कुणाचातरी थर्मास होता, दाराबाहेर शहाळी होती, आणि खाटेवर ह्या माणसाचे ओठ होते.

"नाही," रमा म्हणाली.

प्रभाकर तिच्याकडे बघत राहिला. त्याला बहुधा नीट ऐकू आलं नसावं.

"घोटभर?"

"एक थेंब नाही."

त्याच्या कपाळावर आठी पडली. ती आठी रमा ओळखत होती. भाजीत मीठ नसलं की पडायची तीच.

"कमाल आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज खरखरत होता. "इतकी वर्षं गावभर फिरलो. पाण्याला मला कुणी नाही म्हटलं नाही." त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "घरीच आलोय ना मी? रमा?"

रमाने खाटेचा गज धरला. सायमा पडदा सारून बाहेर निघून गेली, तिला अचानक काहीतरी काम आठवलं होतं.

"घरी नाही अजून," रमा म्हणाली. "पण पाणी घरी गेल्यावरही मिळणार नाही. सायमाला विचारून विचारून मिळेल."

"बरं," प्रभाकर म्हणाला आणि झोपला. ह्या वेळी घोरला.

ती बाहेर आली तेव्हा शकील आणि हाजरा बाकड्यावरून उठून उभे राहिले. तिने मान डोलावली, तेवढ्यावर त्यांना समजलं, आणि शकील भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बुधाजी पायरीवर तसाच बसला होता. मधल्या वेळात खाली जाऊन, वॉचमनच्या देखत त्याने एक शहाळं फोडून आणलं होतं.

"त्यांना नाय, तर नाय," तो म्हणाला आणि शहाळं पुढे केलं. "तुमी तरी घ्या."

सकाळपासून रमाच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. आणि नाही म्हणायचं तिच्यात आता उरलंही नव्हतं. तिने शहाळं दोन्ही हातांनी धरलं, उभ्या उभ्या तळापर्यंत प्यायली आणि ओठ पुसले.